मेघांकाचं काय होणार, तेवढं कळवा

तारकर्ली, तालुका मालवण
सोमवार, ४ ऑगस्ट २००३

तीर्थरूप दाजीमामांस,

वर्षालीचा नमस्कार. दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून सोल्डरिंगची सळई आधी बंद केली आणि मगच कागद पुढे घेतला, यावरून नमस्कार पूर्ण आहे असं समजावं. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही 'बरंच बरं' असं लिहिलं होतंत, त्यातून काही कळत नाही. किती पायऱ्या चढल्यावर दुखायला लागतो ते आकड्यात कळवा. मामीचा खोकला थांबला असेल. आईने एसटीच्या पार्सलातून पाठवलेलं कोकमाचं आगळ न सांडता पोचलं असावं, बूच मी स्वतः मेणाने बंद केलं होतं.

इकडे सगळे खुशाल आहेत, हे वाक्य आईने घालायला सांगितलं म्हणून घातलं. खुशाल म्हणजे सगळे जिवंत आहेत आणि दोन वेळा जेवतात. त्यापलीकडे वाडीची अवस्था चांगली नाही. पुढच्या मंगळवारी, बारा तारखेला, नारळी पौर्णिमा आहे. त्या दिवशी दर्याला नारळ देऊन रविराजची बोट पाण्यात जायची आहे, आणि बोटीवरच्या पाच माणसांपैकी चार जण चढायला तयार नाहीत, कारण दहा तारखेला मेघांक मरणार आहे. मेघांक मरणार हे त्यांना मी सांगितलं. (पाचवा माणूस माझा भाऊ रविराज. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.)

मामीला हे पत्र वाचून दाखवाल तेव्हा तिचा गोंधळ होऊ नये म्हणून चार ओळी मालिकेबद्दल. 'शंखद्वीपाची राणी' दर रविवारी सकाळी दहाला लागते. समुद्राच्या मधोमध एक बेट आहे आणि त्यावर राणी अर्णवी. तिला असा शाप आहे की तिने जमिनीवर पाय ठेवला तर बेट बुडेल. (त्यामुळे ती दोन वर्षं झोपाळ्यावर आहे.) बेटाच्या खाली करालदंत नावाचा राक्षस काळा भोवरा फिरवत बसलेला असतो. आणि मेघांक हा साधा नावाडी. त्याला जादू येत नाही, तलवार येत नाही, फक्त होडी येते. आमच्या वाडीला राणीचं आणि राक्षसाचं काहीही झालं तरी चालेल, पण मेघांक हा आपला माणूस. वल्हं धरायची त्याची पद्धत चुकीची आहे असं बाबलीकाका दर रविवारी सांगतात, पण घरातल्या माणसाची खोड सांगावी तसं. (बाबलीकाका म्हणजे आमच्या बोटीचे तांडेल. बाबा आजारी पडून गेले त्याच्याही आधीपासून सुकाणू त्यांच्याच हातात आहे.) आणि ज्या समुद्रावर मेघांक होडी चालवतो तो समुद्र गोरेगावच्या स्टुडिओत तुम्ही रंगवलेला आहे, हे तुम्ही गणपतीला आलात तेव्हा ओटीवर बसून स्वतः सांगितलंत. तेव्हापासून या विषयात तुमचा शब्द इकडे शेवटचा मानतात.

मालिका सगळी वाडी आमच्याकडे बघते. तुम्ही गेल्यानंतर मी माडावर बांधलेल्या अँटेनाला बूस्टर जोडला आणि चित्र स्वच्छ झालं. गेल्या रविवारी एकूण सदतीस माणसं होती, त्यांतली नऊ खिडकीबाहेर. मला मालिका आवडते असं नाही, पण मी तिची नोंद ठेवते. भागाचा क्रमांक, कोण किती मिनिटं दिसलं, शेवटी नावं कोणत्या क्रमाने वर सरकली, असं सगळं. पावसाळ्यात बोटी वर ओढून माडाच्या झापांनी झाकलेल्या असतात आणि पुरुषमाणसं आमच्या मांगराच्या छपराखाली जाळी दुरुस्त करत बसतात. हात जाळ्यावर आणि तोंड शंखद्वीपावर. पुढे काय होणार यावर चार चार तास बोलतात, आणि सगळं अंदाजपंचे. ते ऐकून मला त्रास होत असे. (दुकानात मी लोकांचे वायरलेस आणि जीपीएस उघडते तेव्हा आधी मोजते आणि मग बोलते. मालिकेला वेगळा नियम का असावा?) म्हणून वहीवरून मी एक नियम काढला. ज्या पात्राला मरायचं असतं त्याला एका भागात आपली आई आठवते, त्याच भागात बासरी वाजते आणि शेवटच्या नावांत त्याचं नाव खाली घसरतं. त्यानंतर तिसऱ्या भागात पात्र जातं. या नियमाने मी राणीचा पोपट, प्रधान आणि राणीची धाकटी बहीण अशा तिघांचे रविवार आधी सांगितले आणि तिन्ही बरोबर आले. पोपटाला आई आठवली नव्हती, पण त्याला सांभाळणाऱ्याचं नाव चौदाव्यावरून बाविसाव्यावर गेलं होतं.

पोपटाच्या वेळी लोक हसले. प्रधानाच्या वेळी मला चहा मिळाला. धाकटी बहीण गेली त्या रविवारनंतर मात्र माझ्याशी बोलताना लोक दोन पावलं मागे उभे राहू लागले. शेजारच्या आनंदीकाकी, ज्या मासे विकून येताना माझ्या पाठीत धपाटा घातल्याशिवाय पुढे जात नसत, त्या एक दिवस कुंपणाबाहेरूनच म्हणाल्या, "गो वर्षाली, मतदारयादीत माझा नाव खाली इला हा. माका खरा काय ता सांग." मी सांगितलं की यादी घराच्या नंबराप्रमाणे असते, घाबरायचं कारण नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "मगे घराचो नंबर कित्या सरकलो?" दर मोसमाला बोटीवरच्या माणसांची यादी टाइप करून कचेरीत द्यावी लागते, ते काम माझं. बाबलीकाकांनी यंदा येऊन बजावलं की आपलं नाव पहिलं पाहिजे. मग बाकीच्या तिन्ही खलाशांनाही पहिलं पाहिजे झालं. शेवटी मी पाच नावं गोलात लिहून दिली. कचेरीतल्या साहेबांनी तो कागद फिरवून फिरवून वाचला आणि माझ्याकडे बघितलं, पण शिक्का मारला.

वीस जुलैच्या भागात मेघांकाला आई आठवली. होडीत बसून त्याने तिची शाल डोळ्यांना लावली आणि एक मिनिट दहा सेकंद बासरी वाजली. शेवटच्या नावांत त्याचं काम करणाऱ्याचं नाव दुसऱ्यावरून आठव्यावर गेलं. मी वहीत नोंद केली आणि कोणाला काही न सांगायचं ठरवलं. दुपारी मांगरात चहा नेला तेव्हा बाबलीकाकांनी सरळ विचारलं, "मेघांकाचा काय गो?" मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय आहे. मी म्हटलं, "दहा ऑगस्ट. बहुतेक होडीसकट." जाळ्यावरचे सगळे हात थांबले. बाहेर पाऊस होता आणि त्यापलीकडे दर्याचा तो पावसाळी आवाज, जो आपण रोज ऐकतो म्हणून ऐकू येत नाही. तो त्या वेळी सगळ्यांना ऐकू आला. एका खलाशाने हातातली सुई जाळ्यात तशीच खोचली आणि तो घरी गेला. चहाचा कप त्याने भरलेलाच ठेवला होता.

एका नावाड्याच्या मरणाचा एवढा धसका का, असं मामी विचारेल. त्याचं कारण गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं. गेल्या नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात ढकलायच्या आधी बाबलीकाकांनी नेहमीप्रमाणे दर्याला गाऱ्हाणं घातलं. आदल्या रविवारी मेघांक सात दिवसांच्या वादळातून सुखरूप सुटला होता आणि काका अजून त्याच धुंदीत होते. नारळ हातात धरून ते म्हणाले, "बा दर्याच्या राजा, जशी त्या मेघांकाची होडी तू राखलंस, तशीच आमची राख रे म्हाराजा. त्या होडयेचा जा काय होयत, ताच ह्या होडयेचा होवं दे रे म्हाराजा." आणि किनाऱ्यावरची सगळी माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाली. मीही म्हटलं. शब्दांकडे लक्ष नव्हतं. (दिव्यांची एकसर जोडणी असते तशी ही झाली. त्यात एक दिवा गेला की दुसरा आपोआप जातो. अशी जोडणी मी दुकानात कोणालाही करून देत नाही.)

आता यावर तुम्ही हसाल, तर त्याच्यानंतरचं ऐका. पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी निवतीच्या बाजूला आमच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. मी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत किनाऱ्यावरच्या वायरलेसपाशी बसले होते. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी रविराज म्हणाला, "वारो फिरलो, आमी आता..." आणि आवाज गेला. नंतर फक्त खरखर. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी दुसऱ्या एका बोटीने त्यांना ओढत आणलं. तीन तास पंचवीस मिनिटं. वायरलेसची बॅटरी बसली असं ठरलं. रविराज पाण्यातून चालत आला, हसला आणि भात मागितला. त्याच रविवारी मालिकेत मेघांक धुक्यात हरवला आणि एका कासवाने त्याची होडी ओढत बेटाला लावली. वाडीला पुरावा मिळाला. त्या दुसऱ्या बोटीच्या तांडेलाला अजून सगळे कासव म्हणतात, आणि त्याची त्याला तक्रार नाही.

तर वीस जुलैपासून आमच्याकडे मेघांकाला वाचवण्याचे मार्ग शोधणं चालू आहे. बाबलीकाकांचं म्हणणं, हा खरा मेघांक नव्हेच. खरा धुक्यात राहिला आणि कासवाने आणला तो त्याच्यासारखा दिसणारा कोणी. म्हणून तर याला वल्हं धरता येत नाही. हे मत दोन दिवस टिकलं. मग कोणीतरी म्हणालं की तसं असेल तर गेल्या वर्षी निवतीहून परत आलेला रविराज कोण? सगळ्यांनी रविराजकडे पाहिलं. तो उठून इंजिनाला तेल घालायला गेला. (आईने त्या संध्याकाळी त्याच्या कानामागची जन्मखूण बघितली. सहज बघितल्यासारखं केलं, पण बघितली.) आनंदीकाकींचं मत वेगळं. त्यांच्या मते राणी झोपाळ्यावरून उतरणार, पाण्याला पाय लावणार आणि मेघांकाला मासा करून टाकणार, म्हणजे तो बुडूनही मरायचा नाही. हे ऐकून दोन खलाशांना बरं वाटलं. पण गाऱ्हाण्याप्रमाणे मग या होडीतली माणसंही मासे होणार, हे बाबलीकाकांच्या लक्षात आलं. आनंदीकाकींनी ते मान्य केलं. कोणता मासा, यावर अर्धा तास गेला. "बांगडो नको," काका म्हणाले, "बांगडो दुसऱ्याच दिवशी आमच्याच जाळ्यात गावतलो." आनंदीकाकी म्हणाल्या, "गावलास तर मी इकूचंय नाय. माझ्या टोपलेत तुका ओळखीन मी, मिशयेवरसून." हे सगळं चाललं असताना कोणी हसत नव्हतं. मीसुद्धा.

गुरुवारी सगळे गावदेवाला कौल लावायला गेले. मीही गेले, कारण माझ्याशिवाय प्रश्न नीट मांडता येणार नाही असं ठरलं. गुरवाने मूर्तीच्या छातीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे तुम्हाला माहीत आहेच. मग त्याने विचारलं, माणूस कोण? बाबलीकाकांनी सांगितलं, मेघांक. गाव? शंखद्वीप. गुरवाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "ह्यो माणूस आमच्या शिवेतलो न्हय," तो म्हणाला. "देव शिवेभायल्याचा सांगणा नाय." ही अडचण खरी होती. देवाची हद्द ओहोळापर्यंत. मग वाद असा झाला की शंखद्वीप येतं कोणाच्या हद्दीत. समुद्र गोरेगावात रंगवला, तेव्हा तिथल्या देवाकडे विचारायला हवं, असं आई म्हणाली. बाबलीकाका म्हणाले, मेघांक राहू दे, पण बोट तर आमच्या शिवेतली आहे. एवढंच विचारा की बारा तारखेला बोट घालायची की नाही. गुरवाला हे पटलं. त्याने गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही वाट बघत बसलो. पंचवीस मिनिटं एकही पाकळी हलली नाही. (हवेत ओल भरपूर होती आणि पाकळ्या पातळ होत्या. माझ्या दृष्टीने यात काही विशेष नाही. माझी नाडी मात्र मी मोजली, मिनिटाला चौऱ्याण्णव होती.) शेवटी आनंदीकाकी शिंकल्या आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

देवळातून आम्ही परत निघालो. ओहोळापाशी आल्यावर बाबलीकाका थांबले आणि म्हणाले, "देव म्हणता, आधी मुंबयसून कळूं दे." इतर सगळ्यांनी माना हलवल्या. मुंबई म्हणजे तुम्ही.

आता रविराजबद्दल. तो उठता बसता, आणि शक्यतो चार माणसं ऐकत असतील तेव्हा, सांगतो की टीव्हीतलो माणूस मेलो म्हणान मी घराक बसूचंय नाय, कोण नाय इलो तर एकटो जातलंय. त्यावर आईने शनिवारी समोरची विळी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तो मेलो असा कळला, तर पयला माझ्या मड्यावरसून जा." रविराजने विळी उचलून भिंतीला लावली. मग म्हणाला, "बरा. मेलो तर तुझा ऐकीन. वाचलो तर जातलंय, एकटो सुद्धा." हा आमच्या घरातला अंतिम ठराव आहे आणि मी साक्षीदार आहे. एकट्याने ती बोट पाण्यात ढकलताही येत नाही, समुद्रात नेणं दूरच. पण तो जाईल. बाबांसारखाच आहे, बोललेलं मागे घेत नाही. आई आता सकाळ संध्याकाळ तुळशीपाशी मेघांकाचं नाव घेते. त्याच्या आईचं नाव मालिकेत सांगितलेलं नाही, म्हणून 'त्याची आवस' असं म्हणते.

तेव्हा स्टुडिओत कोणाला तरी विचारून मेघांक जगतो की मरतो तेवढं कळवावं, ही आई, बाबलीकाका आणि समस्त वाडीची विनंती. बाबलीकाकांचा वेगळा निरोप असा, "दाजीक म्हणा, अजून येळ आसात तर दर्यो वायच उथळ रंगय." मी त्यांना सांगितलं की समुद्र रंगवून दोन वर्षं झाली. ते म्हणाले, "मगे वरसून एक हात मार म्हणा."

मामीला नमस्कार. आनंदीकाकींनी मामीसाठी सुके गोलमे (तुमच्याकडचा सुका जवळा) काढून ठेवले आहेत, ते गणपतीला आलात की न्यावेत. तुमचा गुडघा तुम्हाला कोकणात येण्याइतका चालू दे, एवढं मागून पत्र थांबवते.

तुमची भाची,
वर्षाली

ता. क. वरच्या मजकुरात एक गोष्ट राहिली. सत्तावीस जुलैच्या भागाची नावं मी पुन्हा तपासली आणि मागच्या भागाशी ताडून पाहिली. वीस तारखेपासून मालिकावाल्यांनी मुख्य नटांची नावं अकारविल्हे लावायला सुरुवात केली आहे. मेघांकाचं काम करणाऱ्याचं नाव 'व'ने सुरू होतं, म्हणून तो आठवा. राणीसुद्धा पहिल्यावरून सहावी झाली आहे, ते आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आई तर कोणालाही आठवू शकते. म्हणजे उरली बासरी, आणि नुसत्या बासरीवरून माणूस मरेल असं म्हणता येत नाही. मेघांक दहा तारखेला मरेल याला आता कोणताही आधार नाही. हे मी आठ दिवस कोणाला सांगितलेलं नाही.

ता. क. २. का सांगितलं नाही ते लिहिते, पण हा भाग मामीला वाचून दाखवू नका. गेल्या वर्षी बॅटरी बसली नव्हती. बोट आल्यावर मी स्वतः मोजली, चांगली होती. एरियलच्या जोडात पाणी शिरलं होतं. तो जोड मी बसवला होता आणि पाणी न शिरणारा मिळेपर्यंत नुसत्या टेपवर भागवलं होतं. 'बॅटरी' हा शब्द पहिल्यांदा मी उच्चारला आणि सगळ्यांनी तो घेतला. त्या तीन तास पंचवीस मिनिटांत मी त्या खोलीत काय केलं ते कोणाला माहीत नाही आणि इथेही लिहीत नाही. नंतर तो जोड मी दोनदा बदलला. दुकानात चालतो, बोटीवर खाऱ्या पाण्यात आठ दिवसांत हिरवा पडतो. योग्य जोडाची मागणी मी जूनमध्ये मुंबईच्या दुकानदाराकडे दिली आहे, त्याने पंचवीस ऑगस्टचा वायदा केला आहे. बसवायला आणि तपासायला मला दोन दिवस. रविराजला मी म्हटलं होतं की वायरलेस तयार नाही. तो म्हणाला, गेल्या साली चल्लो तसोच औंदाय चालतलो. गेल्या वर्षी कसा चालला हे त्याला सांगायचं तर मला वरचं सगळं सांगावं लागेल. सांगेन. पण बारा तारखेच्या आत मला जमेलसं वाटत नाही.

म्हणून माझी खरी विनंती अशी. स्टुडिओत काहीही कळो, मेघांक वाचो, मासा होवो की राणीशी लग्न करो, तुम्ही इकडे 'मेला' असंच कळवा. पत्राने नको. धोंडूच्या दुकानातल्या एसटीडीवर फोन करा, दहा तारखेला दुपारी बारा वाजता. तिथे बोलणारा माणूस खोक्याच्या आत असतो, पण ऐकणारे सगळे बाहेर असतात. रडवेल्या आवाजात सांगायची गरज नाही, स्वच्छ आणि मोठ्याने सांगा. सत्तावीस तारखेपर्यंत मेघांकाला मेलेला राहू द्या. त्यानंतर जिवंत झाला तरी माझी हरकत नाही, तशी सोय मालिकेत असते. पोपट काल पुन्हा दिसला. लोक स्वतः भाग बघतील अशी शंका तुम्हाला येईल, पण त्यांना तो बघता येणार नाही. दहा तारखेला पावणेदहाला आमचं चित्र जाणार आहे (ते मी बघते), आणि वाडीतले बाकीचे दोन टीव्ही गेल्या आठवड्यापासून माझ्या टेबलावर उघडे पडलेले आहेत. ते लवकर दुरुस्त होण्यासारखे नाहीत.

मी घाबरून हे लिहीत नाही. मी फक्त पंधरा दिवस मागते आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात रविराज दुकानात आला. वही दाखव म्हणाला. दाखवली. त्याने मेघांकाचं पान बघितलं, मागचं बघितलं, पुन्हा मेघांकाचं बघितलं. त्याला त्यातलं काही कळत नाही. मग टेबलावरचा एक स्क्रू उचलून तो चिमटीत फिरवत राहिला आणि म्हणाला, "नक्की मरतलो मां गो?" मी म्हटलं, नक्की. त्याचा चेहरा वाईट बातमी ऐकणाऱ्या माणसाचा नव्हता. गेल्या वर्षी पाण्यातून चालत येताना तो हसला होता ते मी वर लिहिलं आहे. त्या वेळी त्याने बोटीची दोरी सोडली नव्हती, ती त्याच्या हातातून काढून घ्यावी लागली होती, हे मला आत्ता आठवलं. दाराशी जाऊन तो परत आला. "दहा तारखेच्या आधी मरूचो नाय काय?" असं त्याने हळूच विचारलं. मी म्हटलं, मालिका रविवारी असते. तो म्हणाला, "ता खरा," आणि गेला. जाताना स्क्रू घेऊन गेला.

तेव्हा मामा, जमत असेल तर फोन शनिवारीच करा.